क्रमाचा न्याय : संगणक एकाच वेळी अनेक कामे कशी करतो?

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी संगणकावर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु विद्यालयाच्या संगणक कक्षाची किल्ली गेली काही वर्षे आमच्याकडे आहे, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याच्याकडे प्रश्न, असा आश्रमशाळेचा शिरस्ता आहे. हा प्रश्न आठवीच्या एका मुलीने विचारला. आम्ही वार्षिक अहवाल टंकलिखित करीत होतो, त्याच यंत्रावर बुद्धवंदनेची ध्वनिफीत लागली होती आणि मुद्रणयंत्रातून कागद बाहेर पडत होते. ती थोडा वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, गाणं बी चालू हाय, तुमचं लिहिणं बी चालू हाय अन् कागद बी निघायलेत. ह्याच्या आत किती जणं बसलेत?"

त्या वेळी आम्ही "एकच" असे उत्तर दिले. ते जुन्या यंत्रांपुरते खरे होते, नव्यांना पुरेसे नव्हते. ते पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे.

संगणकाच्या प्रक्रियकाला, म्हणजे ज्याला आपण प्रोसेसर म्हणतो त्याला, एक घड्याळ असते. तीन गिगाहर्ट्झचा प्रक्रियक म्हणजे ज्याच्या घड्याळाचे सेकंदाला ३०० कोटी ठोके पडतात तो. प्रक्रियकाचा एक गाभा, ज्याला कोअर म्हणतात, एका वेळी एकाच कामाच्या आज्ञा पाळतो असे स्थूलमानाने धरून चालू. आता टंकलेखन करणाऱ्या माणसाचा विचार करा. चपळ बोटांचा माणूस सेकंदाला पाच अक्षरे दाबतो. दोन अक्षरांच्या मधे घड्याळाचे ६० कोटी ठोके पडून जातात. तेवढा वेळ प्रक्रियकाने पुढच्या अक्षराची वाट पाहत बसावे काय? तो बसत नाही. तो ध्वनिफितीकडे वळतो, तिचा पुढचा तुकडा तयार करून ठेवतो, मुद्रणयंत्राला लागणारी माहिती पाठवतो आणि आपले बोट कळीवर पडताच परत येतो.

विद्यालयाच्या भोजनगृहात हेच रोज घडते. डाळ शिजत घातल्यावर मावशी तिच्यासमोर हात जोडून बसत नाहीत. त्या पीठ मळतात, तव्यावर भाकरी टाकतात, ती भाजेपर्यंत दुसरी थापतात आणि मधेच उठून डाळ ढवळतात. हात दोनच, पण पंगत बसते तेव्हा सगळे तयार असते. येथे जे शिजणे आहे, ते संगणकात चकतीवरून माहिती येण्याची, कळ दाबली जाण्याची किंवा दूरच्या यंत्राकडून निरोप येण्याची प्रतीक्षा असते. फिरत्या चकतीवरून एक नोंद शोधण्यास दहा मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात प्रक्रियकाचे तीन कोटी ठोके होतात. दुसऱ्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ तिसऱ्याच्या कामी लावणे, ही या विद्येची पहिली पायरी.

पण एखादे काम वाट पाहणारे नसले तर? मोठा हिशेब करणारा कार्यक्रम प्रक्रियक हाती आल्यावर तासभर सोडणारच नाही. म्हणून दुसरी पायरी सक्तीची आहे. यंत्रात एक वेळमापक असतो. ठराविक काळाने, समजा दहा मिलिसेकंदांनी, तो प्रक्रियकाला टोकतो. चालू काम जेथे असेल तेथे थांबवले जाते. ते कितव्या आज्ञेवर होते आणि त्याचे आकडे काय होते, हे सारे टिपून ठेवले जाते आणि पुढच्या कामाची टिपणे समोर येतात. कामे चार असतील तर प्रत्येकाचा क्रम सेकंदाला पंचवीस वेळा येतो. चित्रपटात सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे दाखवली की आपल्याला माणूस चालताना दिसतो. येथेही तसेच होते. कामे थांबतात आणि सुटतात, आपल्याला मात्र ती अखंड चालल्यासारखी वाटतात. ही अदलाबदल फुकट नसते. टिपणे ठेवण्या-उचलण्यात वेळ जातो, म्हणून तुकडे फार लहान केले तर यंत्र काम करण्याऐवजी केवळ दप्तरे बदलत बसते.

धम्माचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्यांस येथे अभिधम्माची आठवण होईल. पाहणे आणि ऐकणे एकाच क्षणी घडत नाही, चित्त एका क्षणी एकच आलंबन घेते आणि क्षणांची मालिका अतिशय शीघ्र असल्यामुळे सारे एकदम घडल्याचा भास होतो, असे त्या परंपरेचे विवेचन आहे. हे साम्य मनोरंजक आहे. मात्र त्यावरून अडीच हजार वर्षांपूर्वी संगणक होता असे कोणी भाषणात सांगू लागल्यास त्याला टाळ्या देऊ नयेत. इतरांच्या पुराणांतील विमानांना आपण हसतो, तर आपल्याही बाबतीत तोच निकष हवा.

कामांच्या अदलाबदलीचा हा विचार मानवाला आरंभी सुचलेला नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी घडवलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यावर एका वेळी एकच कार्यक्रम चाले, दुसऱ्याने पहिला संपेपर्यंत थांबायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली चालवून दाखवली. प्रत्येकाला वाटे की यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. तेव्हापासून प्रश्न यंत्राच्या वेगाबरोबरच वाटपाचाही झाला. पुढचा क्रम कोणाचा, हे कोणी आणि कोणत्या नियमाने ठरवायचे?

वाटपाचा प्रश्न लातूर-नांदेडकडच्या माणसांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवावा. लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लावावी लागली. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. गाडीचे छायाचित्र देशभर छापले गेले. पण गाडी आल्याने पाणी घरात येत नाही. त्यापुढे टँकर होता आणि टँकरपुढे रांग होती.

त्या रांगेत माणसे थोडी आणि भांडी फार असत. घागर, कळशी, प्लास्टिकचा पिंप, रंगाचा रिकामा डबा. माणूस आपल्या कामाला गेलेला, त्याच्या जागी त्याचे भांडे उभे. संगणकातही असेच असते. रांगेत काम स्वतः उभे नसते, कामाची एक नोंद उभी असते, आणि तीवर ते कोठवर आले आहे व त्याला काय हवे आहे हे लिहिलेले असते. संगणकाच्या कार्यप्रणालीतील जो भाग ही रांग पाहून पुढचा क्रम ठरवतो, त्याला शेड्यूलर म्हणतात. आम्ही त्याला क्रमनियोजक म्हणू.

सर्वांत साधा नियम म्हणजे जो आधी आला तो आधी. तो निर्दोष वाटतो. परंतु रांगेत पहिला माणूस हजार लिटरची टाकी घेऊन उभा असेल आणि त्याच्या मागे वीस बाया एकेक कळशी घेऊन असतील, तर एकाची टाकी भरेपर्यंत वीस चुली थांबतात. संगणकातही एका अवजड कामामागे वीस चिमुकली कामे अशीच खोळंबतात. दुसरा नियम, प्रत्येकी एक घागर आणि ज्याला अधिक हवे त्याने पुन्हा रांगेच्या शेवटी जावे. वर सांगितलेली दहा मिलिसेकंदांची वाटणी ती हीच. टाकीवाल्याला उशीर होतो, पण कळशीवालीची चूल पेटते.

तिसरा नियम अग्रक्रमाचा. दवाखान्याचे भांडे पुढे घ्यावे, याला कोणाची हरकत नसते. संगणकातही पडद्यावरील बाण हलवणे हे काम पार्श्वभूमीतील हिशेबापेक्षा पुढे ठेवलेले असते. पण अग्रक्रम आला की त्याच्याबरोबर एक रोग येतो. पुढच्या दर्जाची भांडी येतच राहिली तर मागच्या दर्जाचे भांडे रांगेत असूनही कधीच भरत नाही. या शास्त्रात या अवस्थेला जे नाव आहे त्याचा अर्थ उपासमार असा होतो. एमआयटीतील आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ मध्ये बंद करताना, खालच्या दर्जाचे एक काम १९६७ पासून रांगेतच पडलेले आढळले, अशी एक आख्यायिका पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, रोग खरा आहे.

हा भाग वर्गात शिकवताना आमच्यातला इतिहासाचा शिक्षक गप्प बसत नाही. विहिरीपासून दूर रिकामी घागर ठेवून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून दिवसभर बसणारी माणसे आमच्या आधीच्या पिढ्यांत होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. कागदावर अस्पृश्यांचे भांडे रांगेत आले. तळ्यावर त्यांचा क्रम आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर दावा सुरू झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे. रांगेत नाव असणे आणि क्रम मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे संगणकाच्या अभियंत्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमगले. महाडच्या रस्त्यावर चालणाऱ्यांना ते आधीच ठाऊक होते.

अभियंत्यांनी काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. एक असा की, काम जितका काळ थांबेल तितका त्याचा दर्जा आपोआप वाढवत न्यावा. मग कितीही खालचे काम असले तरी केव्हातरी ते अग्रभागी येतेच. दुसरा उपाय याहून धीट आहे. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत २००७ मध्ये इंगो मोल्नार या हंगेरियन अभियंत्याने नवा क्रमनियोजक आणला. त्याच्या नावाचा अर्थच संपूर्ण न्याय्य क्रमनियोजक असा होतो. प्रत्येक कामाला आजवर प्रक्रियकाचा किती वेळ मिळाला याची नोंद तो ठेवतो, महत्त्वाच्या कामांसाठी त्या नोंदीला वेगळे वजन देतो, आणि ज्याच्या नावावर सर्वांत कमी वेळ जमा आहे त्याला पुढचा क्रम देतो. दीर्घकाळ झोपलेले काम जागे होऊन सर्व जुनी बाकी एकदम वसूल करू पाहील, तर त्यालाही आवर घातलेला आहे. २०२३ मध्ये या नियोजकाच्या जागी आणखी सुधारलेला नियोजक आला, तरी आजवर मिळालेल्या वाट्याची नोंद ठेवून न्याय्य वाटप करण्याचे तत्त्व कायम राहिले. ज्याला आजवर कमी मिळाले त्याला पुढे घेणे म्हणजे गुणवत्तेवर अन्याय, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही आयुष्यभर वाद घालत आलो. त्यांच्या खिशातील अँड्रॉइड फोनही लिनक्सच्या गाभ्यावर चालतो आणि हे तत्त्व तेथे वर्षानुवर्षे राबत आले आहे. अभियंत्यांनी ते दयेपोटी स्वीकारले नाही. काही कामे उपाशी ठेवली की यंत्र एकूणच अडखळते, हे त्यांच्या अनुभवास आले.

आता एक निराळी अडचण. भोजनगृहाच्या हिशेबवहीत ५०० रुपये शिल्लक आहे. दोन शिक्षकांनी एकाच वेळी ती पाहिली. एकाने १०० जमा करून ६०० लिहिले, दुसऱ्याने आपले २०० मिळवून त्यावर ७०० लिहिले. खरी शिल्लक ८००. शंभर रुपये कोणी न चोरता गेले. दोन कामे एकाच नोंदीला हात घालू लागली की संगणकातही असेच होते. म्हणून तेथे कुलूप असते. पूर्वी एकेरी लोहमार्गावर स्टेशनमास्तरकडून टोकनाचा लोखंडी गोळा हाती आल्याशिवाय चालक गाडी पुढे नेत नसे आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. त्याच धर्तीवर, कुलूप ज्याच्या हाती तोच नोंद बदलू शकतो आणि बाकीचे थांबतात.

पण कुलूप आणि अग्रक्रम एकत्र आले की गुंता होतो. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या एका खालच्या दर्जाच्या कामाने कुलूप घेतले होते. वरच्या दर्जाचे एक काम त्या कुलुपासाठी थांबले. एवढ्यात मधल्या दर्जाची कामे आली आणि त्यांनी खालच्याला बाजूस सारले. खालचे चालेना म्हणून कुलूप सुटेना, आणि कुलूप सुटेना म्हणून वरचे अडले. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही असे पाहून यंत्र स्वतःला नव्याने सुरू करी. पृथ्वीवरील अभियंत्यांनी हे शोधून काढले आणि दूरवरून एक बदल पाठवला. ज्याच्यासाठी वरचा थांबला आहे, त्या खालच्या कामाला कुलूप सुटेपर्यंत वरच्याचा दर्जा मिळावा. यान सुरळीत चालू लागले. तळाशी असलेल्याला अडवले तर शिखरावरचाही अडतो, हे समजावण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांस सापडले नाही.

येथवर प्रक्रियक एकच धरला. खरोखर एकाच क्षणी दोन कामे व्हायची असतील तर प्रक्रियक दोन हवेत, आणि येथे आपल्या राज्याचा संबंध येतो. १९८० च्या दशकात भारताने हवामानाच्या अभ्यासासाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीचा दोन प्रक्रियकांचा महासंगणक मागितला. मिळाला तो एक प्रक्रियकाचा, तोही अटी घालून. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर तिचे संस्थापक संचालक. ते अकोला जिल्ह्यातले. तीन वर्षांत महासंगणक घडवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि १९९१ मध्ये परम ८००० सिद्ध झाला.

त्यांनी एक प्रचंड प्रक्रियक घडवला नाही, तशी साधने हातात नव्हती. इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रक्रियक बाजारात मिळत होते. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत आणि आपल्या पोटातील कामांचे क्रम लावणारा नियोजकही त्या चकतीतच घडवलेला असे. असे ६४ प्रक्रियक जोडून, एका गणिताचे तुकडे करून ते सर्वांत वाटून देण्यात आले. कोणत्याही प्रक्रियकाला कोणताही तुकडा देता येई. जन्माने ठरलेले काम तेथे कोणाच्याच वाट्याला नव्हते. बाबासाहेबांच्या १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मधील श्रमविभागणीची चर्चा ज्यांनी वाचली आहे, त्यांना आम्ही येथे का थबकलो हे सांगावे लागणार नाही. ही परंपरा पुढे चालू आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी २०२४ मध्ये परम रुद्र हा महासंगणक दिला गेला.

चौसष्ट प्रक्रियक म्हणजे चौसष्टपट वेग, असे मात्र नव्हे. भीमजयंतीच्या भोजनदानाचे उदाहरण घ्या. भाजी चिरायला दहा हात लागले तर काम दहापट लवकर होते. पण कढईतली भाजी शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, भोवती पन्नास कार्यकर्ते उभे राहिले तरी. जीन अमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलेल्या विचाराचे सार हेच. दहा तासांच्या कामात एक तास न विभागता येणारा असेल, तर हजार प्रक्रियक लावूनही काम दहापटीहून वेगाने होणार नाही.

२००५ च्या सुमारास हा प्रश्न महासंगणकांतून घराघरांत आला. घड्याळाचे ठोके वाढवत नेले तशी प्रक्रियकाची उष्णता आवरेनाशी झाली. तेव्हा कंपन्यांनी वेग वाढवण्याचा हट्ट सोडून एकाच चकतीत दोन, मग चार गाभे बसवण्यास आरंभ केला. आज साध्या मोबाईलमध्येही आठ गाभे सर्रास असतात. त्या मुलीला आम्ही आता "चार" असे उत्तर द्यायला हवे होते, कारण संगणक कक्षातील यंत्रे चार गाभ्यांची आहेत. परंतु कामे शेकडो असल्यामुळे प्रत्येक गाभ्यापुढची रांग संपलेली नाही आणि क्रमाचा प्रश्नही.

हे प्रत्यक्ष पाहता येते. संगणक कक्षातील यंत्रांवर लिनक्स आहे. काळी खिडकी उघडून 'टॉप' ही आज्ञा दिली की चालू कामांची यादी समोर येते आणि दर काही सेकंदांनी बदलत राहते. तिच्यातील एका स्तंभात प्रत्येक कामाचा सौजन्यांक असतो, उणे २० पासून १९ पर्यंत. अंक जितका मोठा तितके ते काम इतरांना पुढे जाऊ देते. साध्या वापरकर्त्याला आपल्या कामाचा अंक वाढवता येतो, म्हणजे स्वतःहून मागे सरता येते. सर्वसाधारणपणे पुढे घुसण्याचा अधिकार यंत्राच्या व्यवस्थापकालाच असतो. ही मोजदाद आम्ही त्याच मुलीकडून करून घेतली. आत १८७ कामे होती. त्यांतील बहुतेकांपुढे झोपल्याची खूण होती, कोणी कळ दाबण्याची वाट पाहत होते, कोणी चकतीची, कोणी निरोपाची. त्या क्षणी धावणारे काम एकच दिसत होते. तिने ओळीवर बोट ठेवून नाव वाचले, तर तो कामांची यादी दाखवणारा कार्यक्रम स्वतःच होता.